नवतप्यातली पाटी

नवतपा लागला की दुपारी नागपुरात माणसं बोलत नाहीत, कूलर बोलतात. बारापासून पाचपर्यंत गल्लीत चिटपाखरू नसतं आणि घराघरांतून तो एकच घर्र आवाज येत राहतो. परवा आमच्या कूलरलाही नवा खस लावला. पहिलं पाणी पडल्याबरोबर ओल्या वाळ्याचा वास खोलीभर झाला. आईनं डोळे मिटून तो पोटभर घेतला, "आता बरं वाटून राहिलं" म्हणाली आणि पुन्हा हातातल्या पाटीत डोकं घातलं. तिला तसं वाचताना पाहून मला दोन वर्षांपूर्वीचा नवतपा आठवला. मेअखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत उन्हानं मला जेवढा घाम फोडला नाही, तेवढा या पाटीनं फोडला होता.

पाटी हे आईनं ठेवलेलं नाव. दुकानात तिला ई-रीडर म्हणतात. लहान वहीएवढी, करड्या पडद्याची, शेकडो पुस्तकं पोटात घेऊन बसणारी. मी शिकवते त्या शाळेतली एक मैत्रीण नवीन घेणार होती, तेव्हा तिची जुनी मी आईसाठी मागून आणली. आईच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. दारात कोणीतरी आलं हे तिला कळतं, चेहरा कळत नाही. पुस्तकाचं पान दिसतं, पण ज्या शब्दावर नजर ठेवावी नेमका तोच पुसलेला असतो. झिजलेलं भरून येणार नाही, अक्षर मोठं करता आलं तर बघा, असं डॉक्टर म्हणाले होते.

पाटीवर अक्षर मोठं करता येतं. इतकं मोठं की एका पानावर पाच-सहा शब्द मावतात. पहिल्या दिवशी मी तिच्या हातात ती दिली, बटण कुठलं ते बोटाला दाखवलं आणि चहा टाकायला आत गेले. चहा झाला, गाळला, निवला, तरी बाई उठली नाही. दीड वर्ष जिनं एक ओळ वाचली नव्हती, ती पलंगावर भिंतीला टेकून मटारच्या शेंगा सोलाव्यात तशी एकेक पान मागे टाकत होती. मी दाराशी उभी राहून रडले, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

आईचं वाचन ही आमच्या घरातली जुनी गोष्ट. माझं लहानपण खापरखेड्याच्या कॉलनीत गेलं. बाबा कोळशावरच्या वीज केंद्रात ऑपरेटर होते, कंट्रोल रूममध्ये, पाळीवर. तिथले उन्हाळे मला अंगाला लागलेल्या राखेसकट आठवतात. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर आई जुनं पातळ अंथरायची, तरी कुरडया तळल्यावर दाताखाली बारीक कचकच लागायचीच. खिडक्यांना ओल्या चादरी बांधलेल्या असायच्या. आणि दुपारी, सगळी कॉलनी निजलेली असताना, आई थंड फरशीवर पालथी पडून, हनुवटीखाली उशी घेऊन वाचत असायची. क्लबातल्या पुस्तकांची दोन्ही कपाटं तिनं संपवली होती आणि मग पहिल्या कपाटापासून परत सुरुवात केली होती. बाबा पहिल्या पाळीवरून आले की दारातूनच विचारायचे, "ताट वाढतं का वं?" आई पानावरची नजर न काढता म्हणायची, "घ्या न वाढून. झाकून ठेवलं हाये." बाबा वाढून घ्यायचे आणि जेवता जेवता पुटपुटायचे, "काय एवढं लिहिलं असते त्यात, देव जाने."

तिचं माहेर खाप्याचं. उन्हाळ्यात कन्हानच्या पात्रात डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या लागायच्या, तिथे झोपडीच्या सावलीत बसून आपण पहिली कादंबरी वाचली आणि मागे डांगरं गाईनं खाल्ली, हे ती अजूनही हसत सांगते. मार पडला, पण गोष्ट पुरी झाली होती.

तर त्या वर्षीचा नवतपा. शाळेला सुट्टी होती. मी भूगोल शिकवते, त्यामुळे मेच्या अखेरीस सूर्य डोक्यावर का येतो हे मला समजतं, सोसत मात्र नाही. नवतप्याच्या पहिल्याच दुपारी पाटीनं पडद्यावर एक सूचना दाखवली. तिच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याच्या जोरावर ती चालते ते फर्मवेअर, तिला नवीन करून घ्यायचं होतं. पाटी जुनी, बॅटरी थकलेली. चार्जरची वायर काढली की पाच मिनिटांत मान टाकायची. म्हणून मी ती कूलरशेजारच्या बोर्डाला लावली, "हो" म्हटलं आणि कूलरमध्ये पाणी भरायला पाइप घेऊन अंगणात गेले.

आता बाबांविषयी एक सांगायला हवं. चौतीस वर्षं ज्यांनी वीज तयार केली, त्यांना ती वाया गेलेली बघवत नाही. चालू राहिलेलं बटण दिसलं की त्यांचा हात शिवशिवतो. आम्ही खोलीतून बाहेर पाऊल टाकायच्या आत पंखा बंद होतो. मी अंघोळीला असताना त्यांनी गिझर बंद केला आहे, आणि आई देवापुढे बसलेली असताना देवघरातला दिवासुद्धा. त्या दुपारी ते पाणी प्यायला उठले. बोर्डावर चार्जरचा लाल ठिपका दिसला. खाली पाटी नुसतीच पडलेली, वाचणारं कोणी नाही. त्यांनी जाता जाता बटण बंद केलं.

मी आत आले तेव्हा पडद्यावर अर्धवट भरलेली एक पट्टी गोठून बसली होती. बटण दाबलं, काही नाही. वीस सेकंद दाबून धरलं, काही नाही. रात्रभर चार्ज केलं, तरी काही नाही. असं यंत्र बंद पडलं की जाणकार मंडळी त्याची "वीट झाली" म्हणतात, हे मला नंतर कळलं. शब्द अगदी चपखल आहे. हातात घेतलं की वजन तेवढंच, उपयोग शून्य.

"बाबा, तुम्ही बटण बंद केलं?" मी विचारलं.

"बटण बंद केल्यानं काय होते? बॅटरी असते न त्यात," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "व्होल्टेजनं गेलं असन. दुपारी लोड केवढा असते." संध्याकाळपर्यंत दोष पाटी बनवणाऱ्या कंपनीवर गेला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पाइपावर. त्यांना चूक कळली नव्हती असं नाही. चांगलीच कळली होती, म्हणून तर ते इतकं बोलत होते. एरवी बाबा दिवसाला दहा वाक्यं बोलतात.

 आई कादंबरीच्या ऐन मध्यावर होती. दोन बहिणी भांडून वेगळ्या झाल्या होत्या, धाकटीनं थोरलीचं पत्र न वाचताच जाळलं होतं आणि पुढे काय होतं हे तिला कळायचं होतं. तिनं पाटी हातात घेतली, बटणावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे परत दिली. "राहू दे बाई," ती म्हणाली. "जेवढं वाचलं थे पुष्कळ झालं." अगदी सहज म्हणाली. डोळे गेले तेव्हाही ती अशीच "राहू दे" म्हणाली होती आणि मग दीड वर्ष दुपारभर छताकडे बघत पडून राहायची. मला ती दुपार पुन्हा घरात यायला नको होती.

मी इतवारीत गेले. भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत एक मोबाइल दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत, त्यांचं नाव बरंच ऐकलं होतं. हातगाड्या चुकवत, स्कार्फमधून फक्त डोळे बाहेर ठेवून पोचले. त्यांनी पाटी उलटी केली, सुलटी केली, कानाशी नेऊन हलवली. "दीदी, मोबाइल होता तो अभी सॉफ्टवेअर मारके देता. इसका हमारे पास कुछ आता ही नहीं." मग मी उतरलेल्या चेहऱ्यानं उभी आहे असं पाहून म्हणाले, "नेट पे देखो. कोई ना कोई पागल इसपे बैठा रहता है." त्यांचे मी आजही मनातल्या मनात आभार मानते. एवढा अचूक सल्ला मला एरवी क्वचितच कोणी दिला आहे.

तो पागल मला सापडला. कुठल्या तरी दूरच्या देशातला, नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे, फोटोच्या जागी टोपी घातलेलं बदक. बरीच वर्षं जुना मजकूर होता. इंग्रजी त्याची मातृभाषा नसावी, वाक्यं अडखळत चालायची. पण पायरीमागून पायरी त्यानं असं लिहिलं होतं की जणू समोरचा माणूस घाबरून बसला आहे हे त्याला दिसत होतं. कंपनीनं या पाटीचं जुनं सॉफ्टवेअर देणं कधीच बंद केलं होतं. यानं ते जपून ठेवलं होतं आणि कोणालाही उतरवून घेता येईल असं टाकलं होतं. सुरुवातीलाच लिहिलं होतं, घाबरू नका, माझंही असंच झालं होतं. आणि मध्ये एके ठिकाणी, केबल बदला. तरी नाही झालं तर पुन्हा केबल बदला.

मी शहाणी. मला वाटलं, केबलमध्ये काय असतं. तीन दिवस मी लॅपटॉपला पाटी जोडून, दोन बटणं एकदम दाबून, आकडे मोजत बसले आणि लॅपटॉप म्हणत राहिला, काहीच जोडलेलं नाही. चौथ्या दिवशी कळलं की आमच्या घरातल्या तिन्ही वायरी नुसत्या चार्जिंगच्या होत्या. त्यांतून वीज जायची, माहिती जायची नाही.

त्या दिवसांत आणखी एक पेच पडला. कंपनीनं एकाच नावानं दोन तऱ्हेच्या पाट्या काढल्या होत्या. एकीचं सॉफ्टवेअर दुसरीत भरलं तर मग बदकवाल्यालाही हात टेकावे लागणार होते. कुठली कोणती, ते मागच्या नंबरावरून कळायचं आणि नंबर तर आईनं रोज पदरानं पुसून पुसून पार गुळगुळीत केलेला. मी भिंग घेऊन बसले होते. बाबा मागून आले, काही न बोलता माझ्या शाळेच्या पर्समधून खडू काढला आणि पाटीच्या पाठीवर आडवा घासला. मग अंगठ्यानं हलकेच पुसलं. खोलगट राहिलेल्या आकड्यांत पांढरी भुकटी भरली आणि अख्खा नंबर उमटून आला.

"प्लांटातल्या मोटारीच्या नेमप्लेटा अशाच वाचाव लागे," बाबा म्हणाले आणि लगेच बाहेर गेले.

दुपारी मात्र ते आईजवळ बसायचे. तिनं न सांगता पेपर घ्यायचे आणि मोठ्यानं वाचायचे. बाबांचं वाचन म्हणजे मीटरची रीडिंग. अग्रलेख, निधन वार्ता आणि कूलरची जाहिरात एकाच सुरात, स्वल्पविरामाला थांबणं नाही की पूर्णविरामाला. आई पाच-सात मिनिटं ऐकायची आणि म्हणायची, "अजी, तुम्ही पानी प्या आता." दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पेपर घेऊन हजर. मी स्वयंपाकघरात ओठ दाबून हसायची आणि हसता हसता मला त्यांची कीवही यायची.

माहिती नेणारी वायर अखेर शेजारच्या काकूंकडे निघाली, त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेली. भर दुपारी एक वाजता मिळाली. माझ्या लॅपटॉपचीही बॅटरी कधीच गेलेली, तो विजेवरच चालायचा; म्हणून मी म्हटलं, उद्या पहाटे करू, लाइट जायची भीती कमी. तेव्हा पलंगावरून आईचा आवाज आला. "आत्ताच कर न." त्या पहिल्या दिवसानंतर ती आज पहिल्यांदा पाटीबद्दल बोलली होती. "राहू दे" म्हणणाऱ्या बाईच्या मनात काय चाललं होतं, ते मला त्या दोन शब्दांत कळलं.

बाबा उठले. चप्पल घालून मेन बोर्डाशी गेले आणि आमच्याकडे न बघता विचारलं, "किती वेळ लागन?"

"वीस मिनिटं. मध्ये बंद पडली तर संपलं."

"मंग लोड काढा," बाबा म्हणाले. फ्रिज बंद केला. टुल्लू पंपाची पिन काढली. आणि मग, नवतप्याच्या आठव्या दिवशी, दुपारी सव्वा वाजता, त्यांनी कूलर बंद केला. नागपूरकराला यापुढे काही सांगायला नको. ती घरघर थांबल्यावर घरात जी शांतता झाली, तिनं मीच दचकले.

"काहून बंद केला जी?" आई म्हणाली.

"एमसीबी पडन नाही तं. वीस मिनिटं दम धर."

मी दोन्ही बटणं दाबली, मोजलं, सोडलं. लॅपटॉपनं पहिल्यांदाच ओळख दाखवली: काहीतरी जोडलेलं आहे. फाइल निवडली, देवाचं नाव घेतलं आणि सुरू केलं. टक्क्यांचे आकडे चढायला लागले. बाबा बोर्डाला पाठ लावून, हाताची घडी घालून उभे होते. कपाळावरून घाम भुवयांत उतरत होता, ते पुसत नव्हते. आई पदरानं वारा घेत होती, थोडा स्वतःला, थोडा मला. तेवढ्यात काकू बर्फ मागायला दाराशी आल्या आणि बेलकडे त्यांचा हात गेला.

"बेल नको वाजवू वं!" बाबा जागेवरूनच ओरडले. "अर्ध्या घंट्यानं ये!"

बासष्टवर आकडा थांबला. एक मिनिट गेलं, दोन गेली. माझा हात आपोआप वायरीकडे निघाला. मग आठवलं, बदकवाल्यानं लिहिलं होतं, मध्ये थांबल्यासारखं वाटेल, हात लावू नका, चहा करा. चहा कुठला, गॅस पेटवायचीही कोणाची छाती नव्हती. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले. आईनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "थांबलंय." ती म्हणाली, "थांबू दे. आपनही थांबू." आणि मग आकडा त्रेसष्ट झाला.

पडदा काळा झाला, पांढरा झाला, पुन्हा काळा, आणि एकदम कंपनीचं चिन्ह आलं. मी ओरडले. आई टाळ्या वाजवत होती. बाबांनी कोणाकडेही न पाहता आधी कूलर लावला, मग फ्रिज, मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ नळ चालू होता, आणि तो मात्र त्यांना बंद करायचं सुचलं नाही.

पाटीच्या पोटातलं सगळं पुसलं गेलं होतं. मी मराठी अक्षरं पुन्हा भरली, पुस्तकं भरली, आकार वाढवून शेवटाला नेला. आईला पान शोधून देऊ लागले तर म्हणाली, "जिथे थे धाकटी पत्र जाळते न, तिथे ने." आठवड्याभरात बहिणींचं काय झालं ते तिला कळलं. मला तिनं सांगितलं नाही. म्हणाली, तू वाच.

बदकवाल्याला मी धन्यवाद लिहिले. नवतपा म्हणजे काय ते समजावून, आईच्या डोळ्यांविषयी, कूलर बंद करून बसलेल्या आम्हा तिघांविषयी. उत्तर आलं नाही. त्याच्या नावापुढे दिसतं की तो कित्येक वर्षांत तिकडे फिरकलेला नाही. तो कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. कधीतरी एका संध्याकाळी त्यानं आपली पाटी जिवंत केली आणि झोपायला जाण्याऐवजी अनोळखी माणसांसाठी ते सगळं लिहून ठेवलं. मी त्याची ऋणी आहे, आणि हे ऋण फिटावं अशी माझी काही घाई नाही. अजूनही पाटी चार्जिंगला लावताना त्याची आठवण येते आणि बरं वाटतं.

पाटी सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी माझ्याकडे कोरा कागद मागितला. त्यांच्या कामावर युनिट बंद पडलं की पाळी सोडण्याआधी रिपोर्ट लिहावा लागायचा. घटना, कारण, केलेला उपाय, लिहिणाऱ्याचं नाव. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण हाताला वळण तेच. त्यांनी पट्टीनं रकाने आखले, मला एकेक पायरी विचारून उपाय लिहून काढला, केबलचा प्रकारसुद्धा. कारणाचा रकाना कोरा होता. दोन दिवस तो कागद टेबलावर पेपरवेटखाली पडून राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो मला दिला. "टाइप करून पाटीतच टाकून दे," म्हणाले. "पुढच्या वेळी शोधाव नाही लागन."

मी टाइप केला, पाटीत टाकला आणि विसरले. आईच्या हाती तो चारेक दिवसांनी लागला. नवी गोष्ट समजून तिनं उघडला आणि सवयीनं पुटपुटत वाचू लागली. बाबा तिथेच जमिनीवर बसून डांगर चिरत होते.

"घटना," आई वाचत होती. "आईची पाटी... बंद पडली." बटणाचा बारीक टक आवाज. "कारण." टक. त्या पानावर दोनच शब्द मावले होते. "ऑपरेटरची चूक." टक. "ऑपरेटर..." टक. "मी स्वतः."

बाबांची सुरी थांबली होती. आईनं एक पान मागे नेलं, पुन्हा वाचलं. मग आणखी मागे. आपण नीट वाचलं की डोळ्यांनी दगा दिला याची ती खात्री करून घेत होती. शेवटी तिनं पाटी मांडीवर ठेवली आणि बाबांच्या दिशेनं मान जराशी तिरपी केली. कडेनं तिला तेवढं दिसतं.

"अजी," ती म्हणाली, "सगळं लिहिलं तुम्ही यात. माफी कुठे मागितली नाही."

बाबा सुरीकडे बघत म्हणाले, "रिपोर्टात माफीचा रकाना नसते वं."

"नसू द्या," आई म्हणाली. "दिली."